पाहुणीच्या विड्या

सत्तरच्या दशकात भारत आणि पाकिस्तान यांची सरहद्द सोलापूरच्या जकात नाक्यावरून जात होती. नकाशात ती कुठे दाखवली आहे, याच्याशी शहर पोलिसांना कर्तव्य नव्हते. त्यांच्यापुढे पाहुण्याचा व्हिसा असे आणि त्यावर गावाचे नाव असे. 'सोलापूर' लिहिले असेल तर नाक्याच्या अलीकडे पाहुणा कायदेशीर. नाका ओलांडून चहा प्यायला गेला तर गुन्हेगार.

कराचीहून आलेल्या एका म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ माढ्याकडे शेती करून होता. भाऊ भेटायला आला तो बैलगाडीत बोकड घालून. बोकड आत आणायचा तर जकात, आणि म्हाताऱ्याने बाहेर जायचे तर खटला. धाकटा भाऊ जकात द्यायला तयार नव्हता. "भावाला बोकड द्यायला नगरपालिकेला पैसे कशापायी?" एवढाच त्याचा मुद्दा. शेवटी नाक्याच्या आडव्या दांडीच्या दोन बाजूंना दोघे भाऊ बसले आणि तीस वर्षांचे बोलणे त्यांनी तिथेच उरकले. मध्ये बंदोबस्ताला हवालदार बिराजदार उभे होते. त्यांनी नाक्यावरच्या कारकुनाला विचारले, "ह्यांचं काय करायचं?" कारकून म्हणाला, "आत येणाऱ्या मालाचं मी बघतो. बाहेर जाणाऱ्या माणसाचं तुमचं तुम्ही बघा."

सोलापूरच्या एका दैनिकात पोलीस आणि न्यायालय या दोन खात्यांच्या बातम्या माझ्याकडे होत्या. हे काम बाहेरच्यांना वाटते तेवढे थरारक नसते. सकाळी एकामागून एक ठाण्यांत जायचे, नव्या तक्रारी बघायच्या, चहा घ्यायचा आणि जे सांगितले जात नाही ते कुणाच्या चेहऱ्यावर दिसते का, हे पाहायचे. मारामारी, मंगळसूत्र, यंत्रमागाचे चोरीला गेलेले सुटे भाग, सायकली. शहराचे पान यावर भरत असे.

परदेशी पाहुण्यांचे काम मुळात दिल्लीचे. कायदा दिल्लीचा, व्हिसा दिल्लीचा, संशयही दिल्लीचा. पण सोलापुरात दिल्लीचा एकही माणूस नव्हता. त्यामुळे दिल्लीचा कागद मुंबईला जाई, मुंबईचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा ठाण्याला. प्रत्येक पायरीवर त्यात एक 'तात्काळ' वाढत असे. ठाण्यात तो ज्यांच्या टेबलावर पडे, ते बिराजदार.

बिराजदार दक्षिणेकडच्या एका खेड्यातले. घरी कानडी, ठाण्यात मराठी, गल्लीत दखनी उर्दू, आणि शिव्या द्यायच्या वेळी तेलुगू. कपाळावर विभूती आणि त्यावर टोपी. शुक्रवार पेठेतल्या एका बोळावर त्यांची सारी भिस्त होती. पेठेत काय चालले आहे, ते या बोळाला आधी कळे आणि बोळाकडून बिराजदारांना. कारण सोपे होते. तिथल्या बायका दिवसभर उंबऱ्यावर बसून विड्या वळत. अर्धा बोळ तेलुगू, अर्धा दखनी. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पाने आणि तंबाखू. बोटे कामात आणि नजर मोकळी. बोळातून कोण गेले, कोण परत आले, कोण नव्या चपला घालून आले, हे त्यांच्यापासून लपत नसे.

या बोळाची एक रीत होती. विड्यांची मजुरी नगावर असे. वळणाऱ्या बाईशी गप्पा मारायला कुणी बसले, तर तिचा हात मंदावतो आणि त्या दिवसाचा हिशेब कमी भरतो. म्हणून गप्पांना येणारी बाई आधी सुपातून चार पाने उचलायची आणि बोलता बोलता घरधनिणीसाठी विड्या वळायची. त्यांना 'पाहुणीच्या विड्या' म्हणत. हात न चालवता जी नुसती बोलत बसे, तिला दुसऱ्या दिवशी कुणी पाट देत नसे. बिराजदारांना वळता येत नव्हते, पण ते उंबऱ्याच्या कडेला बसून दोरा बांधून देत. पेठेतल्या कितीतरी चोऱ्या त्या दोऱ्याने उघडकीला आल्या होत्या.

दोन देशांतली बंद पडलेली ये-जा पुन्हा सुरू झाल्यावर या बोळात जैनबबी आली. जन्म याच बोळातला, लग्न होऊन कराचीला गेलेली. वय पन्नाशीच्या पुढे. आईला अर्धांगवायू झाला होता, म्हणून काही आठवड्यांच्या व्हिसावर ती धाकट्या बहिणीकडे, हसीनाबीकडे उतरली. आल्या दिवशी ठाण्यात हजेरी लावली, तेव्हा बिराजदारांनी विचारले, "येण्याचं कारण?"

"माँ."

"राहण्याचं ठिकाण?"

"माँ के पास."

"व्यवसाय?"

"बेटी," ती म्हणाली. हा शब्द त्या रकान्यात बसत नव्हता. बिराजदारांनी 'घरकाम' लिहिले.

याच सुमारास ठाण्यात नवे फौजदार आले. पाटणकर. तरुण, सरळ, हुशार. लाच घेत नसत, त्यामुळे त्यांच्याशी कसे वागावे हे कुणाला कळत नव्हते. लग्नात सासऱ्यांनी दिलेली डायनामोची नवी कोरी सायकल ते स्वतः पुसत. परदेशी पाहुण्यांची तपासणी त्यांनी स्वतःकडे घेतली. "हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे," ते मला म्हणाले, "आणि तुमच्या पानावर फक्त सायकलचोऱ्या असतात."

एका सकाळी ते बोळात गेले. हसीनाबीच्या उंबऱ्यावर दोन सुपे होती आणि दुसऱ्या सुपामागे जैनबबी बसलेली होती. पुढे जे झाले ते शेजारणींनी सांगितले, बिराजदारांनी दुजोरा दिला आणि पाटणकरांनी नाकारले नाही.

"काय करताय?" पाटणकरांनी विचारले.

"बहन से बातां करती हूँ, साब."

"हातात काय आहे?"

"बिडी. हात खाली रख के बातां करूँ तो बहन का नुकसान होता नै?"

"भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही. हा रोजगार झाला."

हसीनाबी मध्ये पडली. "अय्यो साब, रोजगार कायका? पाहुणी हाय ती. पाहुणी बसली की वळतीच."

"पाहुणीला तुम्ही कामाला लावता?"

"कामाला न्हवं हो साब, मानाला!"

पाटणकरांनी पंचनामा केला. एक सूप, एक कात्री, पान कापायच्या मापाचा पत्रा आणि बांधलेल्या विड्यांचे सात कट्टे जप्त झाले. जैनबबी म्हणाली, "साब, सुबू माँ के पाँव दाबी. रोटी थापी. वो भी लिख लेव." बोळ हसला. हे हसणे पाटणकरांना आवडले नाही. त्यांनी तिला ताकीद दिली की यापुढे पानाला हात लावायचा नाही. दर आठवड्याला ते स्वतः येऊन पाहणार होते.

ती मुदतवाढीचा अर्ज घेऊन ठाण्यात आली, तेव्हा या पंचनाम्याचा अर्थ तिला कळला. आईची वाचा गेली होती. डॉक्टर पुढच्या महिन्याचे बोलायला तयार नव्हते आणि व्हिसा त्याआधीच संपत होता. पाटणकर म्हणाले, "तुमच्याविरुद्ध प्रकरण आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत मी शिफारस करू शकत नाही. मुदत संपली की जावं लागेल."

"निकाल कौन देता?"

"दिल्ली."

"दिल्ली ने मेरी माँ को देखा क्या?"

पाटणकर निर्दय नव्हते. मी विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे बाजू मांडली. "एकीला सोडलं तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवू? कोण आईसाठी आलंय आणि कोण कशासाठी, हे चेहऱ्यावर लिहिलेलं असतं का? कायदा दिल्लीचा वेगळा आणि सोलापूरचा वेगळा असं नसतं. कायदा एकच आहे."

बिराजदार दारात उभे होते. ते म्हणाले, "कायदा एकच हाय साहेब, खरं हाय. पर हवालदार बी एकच हाय की."

प्रकरण वर गेले. विडी वळणे हा रोजगार आहे काय, हे जिल्ह्याला ठरवता येईना. त्यांनी मुंबईला विचारले, मुंबईने दिल्लीला. दिल्लीचे उत्तर खाली आले, ते असे, की विडी वळणे ही कृती रोजगार समजावी किंवा कसे, याबाबत स्थानिक चौकशी करून सुस्पष्ट अभिप्राय तात्काळ कळवावा. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न पायरी पायरीने उतरत पुन्हा बिराजदारांच्या टेबलावर आला.

दरम्यान ठाण्यातल्या कपाटात मुद्देमाल वाळत होता. ताज्या विड्यांचा वास खोलीभर पसरे. सात कट्ट्यांचे सहा झाले, सहाचे चार. देशाविरुद्धचा पुरावा देशाच्याच नोकरांनी ओढून संपवावा, असे क्वचित घडते. "माल लई चांगला हाय," असे एका शिपायाचे मत पडले. तोच या प्रकरणातला एकमेव तज्ज्ञ अभिप्राय.

बोळ मात्र बंद झाला. म्हणजे दारे उघडी होती, सुपे मांडीवर होती, पण बिराजदार दिसले की बायकांच्या नजरा पानांवर उतरत. ते उंबऱ्याशी थांबले तर कुणी पाट सरकवत नसे. दोरा पुढे करीत नसे. पलीकडच्या आळीत घरफोडी झाली. चोर याच बोळातून पळाला होता. बिराजदारांनी विचारले, तेव्हा हसीनाबी म्हणाली, "नै देखे भाई. नजर कामावर व्हती. आता कामाचाबी गुन्हा झालाय म्हणतात, म्हून लई सांभाळून काम करतोय."

"मला बी असं बोलतीस?"

"तू वर्दीतला. वर्दी कुणाची, आमाला काय ठाव? कदी सोलापूरची, कदी दिल्लीची."

ठाण्यात परत आल्यावर बिराजदार मला म्हणाले, "माझे डोळे गेले बगा. चष्म्यानं न्हाई यायचे." माझ्या पानावरच्या बातम्यांची भाषाही त्या दिवसांत बदलली. 'पोलिसांनी अटक केली' ऐवजी 'पोलीस तपास करीत आहेत' हे वाक्य रोज छापले जाऊ लागले. तपास चालू आहे, असे लिहावे लागते तेव्हा तो थांबलेला असतो. वाचकांना हे ठाऊक नसते, असे आम्ही धरून चालतो.

मग पाटणकरांची सायकल गेली.

ते आठवड्याच्या तपासणीला बोळात आले होते. सायकल तोंडाशी लावून, कुलूप घालून, ते आत शेजारच्या पुरुषांचे जबाब घ्यायला घराघरांत गेले. प्रश्न एकच होता, की जैनबबी अजून विड्या वळते काय. ती दुपार होती. बायका तयार माल द्यायला कारखान्यावर गेल्या होत्या. जबाब घेऊन फौजदार बाहेर आले, तेव्हा सायकल नव्हती. डायनामोसकट नव्हती.

ही बातमी अर्ध्या तासात पेठभर झाली. फौजदारांची सायकल, भर दुपारी, फौजदार बोळात असताना. आमच्या संपादकांनी दोन स्तंभ राखून ठेवले.

पाटणकरांनी शिपाई कामाला लावले, पेठेत शोध घेतला, दुकाने तपासली. काहीच मिळाले नाही. संध्याकाळी बायका परतल्यावर ते स्वतः बोळात उभे राहून प्रत्येक उंबऱ्यावर विचारू लागले. प्रत्येक उंबऱ्याने नाही म्हणून मान हलवली. शेवटी ते बिराजदारांकडे वळले. "या काही बोलतच नाहीत."

"उभ्या माणसाशी हितं कोण बोलत न्हाई, साहेब."

"म्हणजे?"

"बसा की खाली. सूप घ्या मांडीवर."

"मी फौजदार आहे, बिराजदार."

"व्हय. आन् सायकल सासऱ्याची हाय."

हे वाक्य निर्णायक ठरले. पाटणकरांनी टोपी काढली आणि ते हसीनाबीच्या उंबऱ्यावर बसले. कुणीतरी सूप पुढे केले. बोळ पाहू लागला. पान उलटे धरले म्हणून एका म्हातारीने त्यांच्या हातावर चापट मारली. तंबाखू सांडली. पान फाटले. दुसरे घेतले, ते गुंडाळले गेले, पण टोक दुमडेना. बिराजदार शेजारी बसून दोरा बांधत होते. पाटणकरांनी घामाघूम होऊन काही विड्या वळल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यातली एकही पास झाली नाही, पण तो प्रश्न वेगळा.

मग बोळ बोलू लागला. आधी पाण्याविषयी, मग जावयांविषयी. त्यानंतर हसीनाबीने आत हाक मारली. "आपा, जरा भार आव."

जैनबबी दारात आली. पाहिले होते ते तिनेच. दुपारी बोळात बसलेली ती एकटी होती. विडीला हात लावायची बंदी, म्हणून सूप नाही, आणि सूप नाही, म्हणून करायला काही नाही. सारी दुपार ती बोळाच्या तोंडाकडे पाहत बसली होती.

"एक आदमी था. डावा पाय ओढता था. कुलूप को कुछ लगाया नै, सायकल कंधे पे डाला और चला."

"डावा पाय?" बिराजदार उठून उभे राहिले. "मंग तो आपला नेहमीचाच की!"

"तुम्ही तेव्हाच ओरडला का नाहीत?" पाटणकरांनी विचारले.

"साब," ती म्हणाली, "मैं सोची, मैं बोली तो तुम पूछते, तू भार बैठ के क्या कर री थी. पाहुणी को चोर पकडने की इजाजत हाय क्या, वो मेरे व्हिसा पे लिखा नै."

त्याच रात्री सायकल दुसऱ्या पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात सापडली. डायनामो गेला होता. माणूसही सापडला, आणि घरफोडीही त्याच्याच नावावर निघाली. घरफोडीच्या रात्री तो बोळातून पळताना सगळ्यांनी पाहिला होता. आता सगळ्यांना तो आठवला.

दुसऱ्या सकाळी ठाण्यात दिल्लीचा कागद टेबलावर तसाच होता. बिराजदार पाटणकरांच्या खुर्चीसमोर उभे राहिले. "साहेब, अभिप्राय लिहायचाय. विडी वळणं रोजगार असंल, तर माज्यावर बी कलम लावा. वर्दीत बसून वर्सानुवर्स दोरा बांधलाय मी. सरकारी नोकराला दुसरा धंदा चालत न्हाई." मग थोडे थांबून म्हणाले, "काल संध्याकाळी आनखी एक सरकारी नोकर बसला व्हता म्हणतात."

पाटणकरांनी खिडकीबाहेर पाहिले. तिथे डायनामो नसलेली सायकल उभी होती.

त्यांनी लिहिलेला अभिप्राय मी वाचला आहे. इतका चांगला सरकारी मराठी मजकूर मला नंतर क्वचितच पाहायला मिळाला. सदर कृती ही रोजगार नसून स्थानिक शिष्टाचार असल्याचे प्रत्यक्ष चौकशीअंती दिसून आले, असे त्यात होते. 'प्रत्यक्ष' हा शब्द त्यांनी खोडला नव्हता. पुढे लिहिले होते की सदर महिला ही सायकलचोरीच्या गुन्ह्यातील एकमेव साक्षीदार असून, तिचे येथील वास्तव्य तपासाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. सबब तिला तूर्त परत पाठवता येत नाही.

ज्या माणसाने तिला घालवायचे, त्यालाच ती हवी होती. दिल्लीचे काम आणि सोलापूरचे काम एकाच हवालदाराकडे दिले, की असे पेच पडतात. एक काम दुसऱ्याचा साक्षीदार घालवून बसते. पाटणकर त्यानंतर कायदा एकच आहे असे म्हणत नसत. तो एका वेळी एकच वापरता येतो, असे म्हणत.

खटला उभा राहायला वेळ लागला. त्या काळी लागतच असे आणि या एका वेळी कुणी तक्रार केली नाही. जैनबबीची आई याच काळात गेली. मुलगी जवळ होती. पाय दाबत होती, असे हसीनाबी सांगते. आईचा चाळिसावा दिवस झाला, साक्ष झाली, आणि जैनबबीने स्वतःच ठाण्यात येऊन सांगितले की आता जाते.

ती गेल्यानंतर कित्येक आठवड्यांनी दिल्लीचे उत्तर आले. मुदतवाढ नाकारण्यात येत असून सदर महिलेस तात्काळ रवाना करावे. बिराजदारांनी 'रवाना केले आहे' असे कळवले. आदेशाची अंमलबजावणी आदेश पोचण्यापूर्वीच केल्याबद्दल वरून ठाण्याचे कौतुक झाले. आम्ही ते चार ओळींत छापले, 'पाकिस्तानी महिला रवाना, पोलिसांची तत्परता'. सायकलीला दोन स्तंभ मिळाले होते.

स्टेशनवरचा एक प्रसंग मात्र छापला नाही, कारण त्याला बातमीचे मोल नव्हते. पाहुणी गाडीत बसल्याची खात्री करायला बिराजदार फलाटावर होते आणि मी त्यांच्याबरोबर होतो. हसीनाबी डब्याच्या दाराशी रडत होती. जैनबबी रडत नव्हती. शिटी झाली, तेव्हा तिने पदराखालून कागदात बांधलेला एक पुडा काढला आणि खिडकीतून बिराजदारांच्या हातात दिला. त्यात विड्यांचे तीन कट्टे होते.

"मी ओढत न्हाई," बिराजदार म्हणाले.

"तुम्हारे वास्ते नै, भाई. सुनी की मेरे मुद्देमाल में तीन कम पड गए. साबां ने गिने तो बिचारे शिपायां की नोकरी जाएगी. रख देव."

बिराजदारांनी पुडा घेतला, वर्दीच्या खिशात घातला आणि गाडी हलेपर्यंत नीट उभे राहिले. संध्याकाळी तो कपाटात गेला. शिष्टाचार म्हणून वळलेल्या विड्यांचा मुद्देमाल, पंचनाम्यात होता तेवढा, पुन्हा पूर्ण भरला.